झोपेने न उतरणारा थकवा

माहूरगडावर रेणुकामातेच्या पायऱ्या चढून आलेला शीण रात्रीच्या झोपेने उतरतो. ‘क्रॉनिक फटीग सिंड्रोम’मध्ये तो उतरत नाही. थोडेसे काम केले तरी, कधी दुसऱ्या दिवशी, रुग्ण अंथरुणाला खिळतो.

या आजाराचे निदान करणारी रक्ततपासणी अजून नाही.

गोव्यातल्या २,४९४ स्त्रियांची पाहणी २००५ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने छापली. १२ टक्के स्त्रियांना सहा महिन्यांपासून थकवा होता. (असा प्रत्येक थकवा म्हणजे हा आजार नव्हे.) ‘रक्त कमी असेल’ हा आपला नेहमीचा अंदाज, हिमोग्लोबिनशी मात्र संबंध दिसला नाही. मनावरचा ताण आणि बाई म्हणून सोसावा लागणारा जाच, यांच्याशी तो दिसला.

ब्रिटनच्या ‘डीकोडएमई’ या अभ्यासाने २०२५ मध्ये १५,५७९ रुग्णांच्या डीएनएत आजाराशी जोडलेल्या आठ जागा नोंदवल्या. त्यांतल्या काही रोगप्रतिकारशक्ती आणि मज्जासंस्थेकडे बोट दाखवतात.