जर जिल्हा, तर तालुका



मागच्या वेळी आपण अनुमानावर बोललो. पर्वत, धूर, अग्नी वगैरे. व्याख्यान संपवून खाली उतरलो तर एक गृहस्थ म्हणाले, "सर, आमच्या ऑफिसात धूर निघत नाही हो. तिथे दिवसभर एक्सेल चालतं. त्यावर कधी बोलाल का?" त्यांना वाटलं मी हसून सोडून देईन. पण मला त्यावर खरंच बोलायचं होतं. कारण एक्सेलच्या एका तक्त्यात माझ्या हातून एक चूक झाली, आणि त्या चुकीपायी एका मुलीची त्या वर्षीची शिष्यवृत्ती गेली. ती गोष्ट शेवटी सांगतो. आधी तक्ता समजून घेऊ.

आमच्या गावात एक लहानसा ट्रस्ट आहे. बारावीनंतर शिकणाऱ्या मुलांना शिष्यवृत्ती देतो. निवृत्तीनंतर त्याचे अर्ज मी बघतो. अर्ज म्हणजे एक्सेलची फाईल. ती कॉलेजांना पाठवायची, संगणकाच्या खोलीत बसून मुलांनी एकेक ओळ भरायची, आणि फाईल परत यायची. नाव, शाखा, जिल्हा, तालुका, उत्पन्न, असे रकाने.

पहिल्या वर्षी तालुका हाताने लिहायला ठेवला होता. एकच शिरूर पाच प्रकारांनी लिहून आलं. म्हणून यादी द्यायची ठरलं. तिला ड्रॉपडाउन म्हणतात. सेलच्या कडेला बाण असतो, तो दाबला की यादी उघडते, त्यातलं एक निवडायचं. पण महाराष्ट्रात जिल्हे ३६ आणि तालुके ३५८. साडेतीनशे नावांच्या यादीत आपला तालुका शोधायचा म्हणजे लग्नाच्या पंगतीत हरवलेली चप्पल शोधण्यासारखं. तेव्हा असं करायचं, की आधी जिल्हा विचारायचा, आणि त्याचं उत्तर आलं की फक्त त्याच जिल्ह्याचे तालुके दाखवायचे. ठाणे म्हटलं की सात नावं. संपलं.

आता हे करतात कसं? दोन वाटा आहेत.

पहिली जुनी वाट. वेगळ्या पानावर प्रत्येक जिल्ह्याच्या तालुक्यांची यादी लिहायची आणि त्या यादीला जिल्ह्याचंच नाव द्यायचं. मग अर्जाच्या पानावर तालुक्याच्या सेलला डेटा व्हॅलिडेशन लावायचं, त्यात 'लिस्ट' निवडायचं, आणि यादी कुठून आणायची तिथे 'इनडायरेक्ट' हे फंक्शन लिहून कंसात जिल्ह्याच्या सेलचा पत्ता द्यायचा. हे फंक्शन करतं काय? जिल्ह्याच्या सेलमध्ये 'ठाणे' हा नुसता शब्द आहे. इनडायरेक्ट त्या शब्दाला नाव समजतं, आणि त्या नावाची वस्तू, म्हणजे ती सात तालुक्यांची यादी, हजर करतं. पदाकडून पदार्थाकडे. आमच्या शास्त्रात यावर किती शाई खर्च झाली आहे, विचारू नका. एक्सेल ते एका शब्दात करतं. पण त्यालाही पथ्य आहे. यादीच्या नावात मोकळी जागा चालत नाही. त्यामुळे 'मुंबई उपनगर' किंवा 'छत्रपती संभाजीनगर' आलं की मधे खालची रेघ घालावी लागते, आणि सूत्रातही तसा बदल करावा लागतो.

दुसरी वाट मला जास्त आवडते. एकच तक्ता करायचा, त्यात दोनच रकाने. डावीकडे जिल्हा, उजवीकडे तालुका. प्रत्येक तालुक्याची एक ओळ. मग 'फिल्टर' या फंक्शनला सांगायचं, ज्या ओळींत डावीकडे निवडलेला जिल्हा आहे, त्यांचे उजवीकडचे शब्द काढून दे. अर्जाच्या प्रत्येक ओळीसाठी मदतीच्या पानावर अशी एकेक ओळ करावी लागते, आणि ड्रॉपडाउन तिथून उचलायचा. हे गूगल शीट्समध्ये चालतं, एक्सेलच्या नव्या आवृत्त्यांतही चालतं. यात फायदा असा, की सगळं ज्ञान एका जागी राहतं. नवा तालुका झाला, एक ओळ वाढवा. जुन्या वाटेत दोन जागी दुरुस्ती लागते, आणि दोन जागी दुरुस्ती लागते तिथे माणूस एक जागा विसरतो. हे लक्षात ठेवा, मी याच्याकडे परत येणार आहे.

इथपर्यंतचं तुम्हाला कुठलाही संगणकवाला शिकवेल. आता माझ्या प्रांतात या.

पहिला प्रश्न, आधी जिल्हाच का विचारायचा? तालुका सांगितला की जिल्हा कळतोच ना? जिथे जिथे धूर, तिथे तिथे अग्नी. तसं जिथे मोखाडा, तिथे पालघर. न्यायाच्या भाषेत मोखाडा व्याप्य, पालघर व्यापक. व्याप्यावरून व्यापकाचं अनुमान होतं, उलट होत नाही. पालघर म्हटल्यावर मोखाडाच असेल असं नाही, डहाणूही असेल. मग तालुकाच विचारा आणि जिल्हा आपोआप भरू द्या!

पण कर्जत घ्या. एक कर्जत रायगड जिल्ह्यात, दुसरं अहिल्यानगरला. मालेगाव नाशिकलाही आहे आणि वाशिमलाही. खेड पुण्यात, खेड रत्नागिरीत. म्हणजे व्याप्ती मोडली. नुसतं 'कर्जत' हे नाव पुरेसा हेतू नाही; 'रायगडचं कर्जत' म्हटलं तरच निश्चय होतो. म्हणून क्रम जिल्हा आणि मग तालुका, आणि म्हणूनच तपासायची ती जोडी, एकटा शब्द नव्हे.

दुसरा प्रश्न जास्त अवघड. समजा एका मुलाने जिल्हा पुणे निवडला, तालुका हवेली निवडला. मग लक्षात आलं, की आपण तर साताऱ्याचे. वर जाऊन पुण्याचं सातारा केलं. आता तालुक्याच्या सेलमध्ये काय दिसेल? हवेली! सातारा जिल्हा, हवेली तालुका. एक्सेल चकार शब्द काढत नाही. गूगल शीट्स निदान कोपऱ्यात लाल खूण दाखवतं. एक्सेल गप्प का? कारण ते हाताने भरताना तपासतं, भरून झाल्यावर नाही. 'हवेली' लिहिलं तेव्हा ते बरोबरच होतं. नंतर जमीन सरकली, भिंत तिथेच राहिली. आणि दुसरीकडून कॉपी करून चिकटवलं, तर भरतानाची तपासणीसुद्धा चुकवता येते.

आता आरसा बघा. आपणही हेच करतो की नाही? एखाद्या माणसाबद्दल काही ऐकलं, त्यावरून मत बनवलं. पुढे कळलं, ऐकलेलं खोटं होतं. आपण म्हणतो, "असं होय?" पण मत? मत तसंच. पूर्वांग बदललं, उत्तरांग जागेवर. जर–तर मधला 'जर' काढून घेतला, तर 'तर'ला पुन्हा परीक्षेला बसवलं पाहिजे. ते आपोआप होत नाही, माणसात नाही आणि एक्सेलमध्येही नाही. मुद्दाम करावं लागतं.

एक्सेलमध्ये कसं करायचं? कंडिशनल फॉरमॅटिंगमध्ये 'काउंटइफ्स' वापरून विचारायचं: या ओळीतली जिल्हा-तालुक्याची जोडी मूळ तक्त्यात किती वेळा आहे? शून्य आलं आणि तालुक्याचा सेल भरलेला असेल, तर तो लाल कर. किंवा आणखी कडक उपाय, तालुका भरलेला असताना जिल्ह्याची यादी उघडूच द्यायची नाही. आधी तालुका पुसा, मग जिल्हा बदला. म्हणजे गृहीतक बदलायचं असेल तर आधी निष्कर्ष मागे घ्या. हा नियम मला वादविवादातही लावावासा वाटतो. आणि भरून आलेली फाईल तपासायची तर एक्सेलमध्ये 'सर्कल इनव्हॅलिड डेटा' अशी सोय आहे. नियमात न बसणाऱ्या सेलभोवती लाल वर्तुळं पडतात, शाळेतल्या मास्तरांसारखी.

तिसरा प्रश्न, जिल्हा रिकामाच ठेवला तर? व्हॅलिडेशनच्या चौकटीत 'इग्नोर ब्लँक' अशी एक खूण असते, आणि ती आधीपासून केलेलीच असते. सूत्र ज्या सेलवर अवलंबून आहे तो सेल रिकामा असेल आणि ही खूण असेल, तर एक्सेल तालुक्याच्या जागी काहीही लिहू देतं. टिंबक्टू लिहा, चालेल. तर्कशास्त्र शिकलेल्यांना इथे सत्यता कोष्टक आठवेल. सोपाधिक विधानाचं पूर्वांग असत्य असलं, की उत्तरांग काही का असेना, सगळं विधान सत्य. दोन आणि दोन पाच असतील, तर मी पेशवा! वर्गात हे सांगितलं की पोरं चिडायची. रिकामा म्हणजे असत्य नव्हे, मान्य. पण दोघांचं गोत्र एक. अट लागूच झाली नाही, म्हणून सगळं माफ. तेव्हा ती खूण काढून टाका.

चौथा प्रश्न. एखाद्याने मुंबई शहर जिल्हा निवडला. मुंबई शहर जिल्ह्यात तालुकाच नाही. दुसरी यादी रिकामी. आता तो रिकामा सेल आणि आळसाने न भरलेला सेल, दोन्ही दिसायला सारखेच. १९०५ मध्ये रसेलने एक उदाहरण घेतलं होतं: फ्रान्सचा सध्याचा राजा टकला आहे. फ्रान्सला तर राजाच नाही. रसेल म्हणाला, विधान असत्य. १९५० मध्ये स्ट्रॉसन म्हणाला, नाही, खरं की खोटं हा प्रश्नच उपस्थित होत नाही. मुंबई शहराचा तालुका हे तसंच आहे. आणि जिथे प्रश्न उपस्थित होत नाही, तिथे गप्प न राहता तसं सांगावं. यादीत एक पर्याय ठेवावा, 'लागू नाही'. कारण कोरी जागा तीन गोष्टी म्हणू शकते: लागू नाही, माहीत नाही, सांगायचं नाही. वाचणाऱ्याला ती एकच वाटते, अपूर्ण अर्ज.

आता ती मुलगी.

१ ऑगस्ट २०१४ ला ठाणे जिल्ह्याचं विभाजन झालं आणि पालघर जिल्हा झाला. ठाण्याचे पंधरा तालुके होते, त्यातले सात ठाण्यात राहिले, आठ पालघरला गेले. आमची फाईल जुन्या वाटेची होती. मी मोठ्या तत्परतेने जिल्ह्यांच्या यादीत 'पालघर' घातलं. ठाण्याच्या यादीतून आठ तालुके काढले. आणि पालघर नावाची यादी करायची विसरलो. दोन जागी दुरुस्ती, एक विसरली. मघाशी म्हणालो ते हेच.

त्या वर्षी मोखाड्याच्या एका मुलीचा अर्ज आला. जिल्हा पालघर, तालुका कोरा. आमचा नियम होता, कोरी जागा असलेला अर्ज अपूर्ण, बाजूला ठेवायचा. मीच केलेला नियम. बाजूला ठेवला. पैसे वाटून झाल्यावर मी बाजूचे अर्ज चाळत बसलो होतो, तेव्हा हा दिसला. मार्क उत्तम होते. फोन केला. म्हटलं, "बाळ, तालुका का नाही भरलास?" ती म्हणाली, "सर, तो बाण उघडतच नव्हता. मला वाटलं, आमच्या तालुक्यासाठी ही शिष्यवृत्ती नसेल."

मी थोडा वेळ काही बोलू शकलो नाही. तिला कुणी नाही म्हटलं नव्हतं. नाही म्हटलं असतं तर ती भांडली असती, निदान विचारलं असतं. यादी उघडली नाही, यातून तिने आपला आपण अर्थ काढला, आणि तो तिला खरा वाटला. कारण तिला तशा अर्थाची सवय होती. दुसऱ्या वर्षी तिला शिष्यवृत्ती मिळाली. पण ते मधलं वर्ष तिने कसं काढलं, हे मी विचारलं नाही. धीर झाला नाही.

तेव्हापासून माझ्या फाईलमध्ये तीन गोष्टी असतात. एक, जिल्हा-तालुक्याचा एकच तक्ता. दोन, प्रत्येक यादीच्या शेवटी 'माझं उत्तर यात नाही' असा पर्याय, आणि शेजारी लिहायला जागा. तीन, फाईल पाठवण्याआधी मी स्वतः ३६ जिल्हे एकेक करून निवडतो आणि प्रत्येक वेळी दुसरा बाण उघडतो का बघतो. अर्धा तास लागतो. घरचे हसतात.

सोयीचा अर्थ असा, की समोरच्याला नको ते दिसू नये. पण नको ते लपवताना हवं ते लपलं तर लपवणाऱ्याला कळत नाही, आणि ज्याचं लपलं तो बोलत नाही. तेव्हा ज्याच्या हातात यादी आहे, त्याने यादीत नसलेल्या माणसाच्या जागी बसून एकदा तो अर्ज भरून बघावा. तुमच्यापैकी किती जणांच्या ऑफिसात अशा फाईली आहेत? बरेच हात दिसताहेत. उद्या सकाळी गेल्यावर चहाच्या आधी एवढं करा. सगळे बाण उघडून बघा.

काही प्रश्न असतील तर बसतो मी अजून थोडा वेळ.