सौभद्रकार अण्णासाहेब किर्लोस्कर

बळवंत पांडुरंग ऊर्फ अण्णासाहेब किर्लोस्कर यांचा जन्म 1843 साली गुर्लहोसूर येथे झाला. शिक्षणासाठी ते पुण्यात आले, पण अभ्यासापेक्षा नाटकाकडेच ओढा अधिक. पुढे शिक्षकी आणि सरकारी कचेरीतली कारकुनी त्यांनी केली. नाटकाचा नाद मात्र सुटला नाही.

त्या काळच्या पौराणिक खेळांत गाण्याचा भार मुख्यतः सूत्रधारावर असे, आणि पात्रे बरेचसे संवाद आयत्या वेळी रचत. पारशी नाटक मंडळींचा ‘इंद्रसभा’ हा खेळ पाहून अण्णासाहेबांनी मराठीत संगीत नाटक करायचे ठरवले. कालिदासाच्या ‘शाकुंतला’च्या त्यांनी केलेल्या मराठी रूपांतराचे पहिले चार अंक 31 ऑक्टोबर 1880 रोजी पुण्यात रंगले. संवाद लिहून बांधलेले, आणि पात्रे स्वतःच गाणारी! सूत्रधाराची भूमिका खुद्द अण्णासाहेबांची होती.

1882 मध्ये आलेले ‘सौभद्र’ त्यांचे स्वतंत्र नाटक, आणि सरसही. सुभद्रा दुर्योधनाला द्यायचा बलरामाचा हट्ट, संन्याशाच्या वेषात घरात शिरलेला अर्जुन, पडद्याआडून सूत्रे हलवणारा कृष्ण: कथा महाभारतातली, पण रुसवेफुगवे थेट मराठी घरातले. साकी, दिंडी, लावणीच्या चाली आणि कर्नाटकी वळणाची पदे त्यात सहज नांदतात. सुभद्रेची भूमिका करणाऱ्या भाऊराव कोल्हटकरांच्या आवाजाने ती घरोघरी पोचली.

‘रामराज्यवियोग’ अपुरे ठेवूनच 1885 साली अण्णासाहेब वारले. त्यांची नाटक कंपनी, किर्लोस्कर मंडळी, पुढेही चालली. 1905 मध्ये गायक-नट बालगंधर्व तिच्यात दाखल झाले. ‘सौभद्र’चे प्रयोग आजही होतात.