लघवीच्या नळीची ओढ

पेठ वडगावात किंवा आसपासच्या गावांत कुणाची लघवी तुंबली की बहुतेक वेळा गाडी कोल्हापूरच्या वाटेला लागते. कुणी थोरल्या दवाखान्यात म्हणजे सीपीआरला जातं, कुणी खासगीत. नळी घातली, तुंबलेली लघवी पिशवीत उतरली की माणसाच्या जिवात जीव येतो. कुरकुर सुरू होते ती घरी आल्यावर. नळी टोचते, सारखं लघवीला लागल्यासारखं वाटतं, बाजूनं गळतंय, रात्री झोप नाही. मग घरातलं कुणीतरी मेडिकलमध्ये जाऊन आग कमी करणारं सिरप आणतं, चार दिवसांनी अँटिबायोटिक आणतं. ह्या तक्रारींतल्या बऱ्याचशा रोगाच्या नसतात, ओढीच्या असतात. ओढीवर सिरप चालत नाही. तिथं दहा-वीस रुपयांची चिकटपट्टी आणि थोडी समज लागते, असं माझं म्हणणं आहे.

त्यासाठी नळी आत टिकते कशी, हे आधी पाहायला हवं. आज सर्रास वापरतात ती फुग्याची नळी अमेरिकेतले मूत्ररोगतज्ज्ञ फ्रेडरिक फोली यांनी १९३५ साली तज्ज्ञांपुढे मांडली. नळीच्या टोकाजवळ छोटा फुगा असतो. नळी मूत्राशयात पोचली की त्यात साधारण दहा मिलिलिटर निर्जंतुक पाणी भरतात आणि तो फुगा मूत्राशयाच्या तोंडाशी अडून बसतो. नेमका तोच भाग अतिशय संवेदनशील. लघवी भरल्याची जाणीव तिथूनही होते. त्यामुळे फुगा टेकला की पिशवीत लघवी उतरत असूनही रोग्याला ‘लागलंय’ असं वाटतं, तो कुंथतो, आणि कुंथल्यानं मूत्राशय आणखी आवळतं. आता ह्यात पिशवीचं वजन मिळवा. आपल्याकडची नेहमीची पिशवी दोन लिटरची, म्हणजे भरली की दोन किलोंची. नळी मांडीला बांधलेली नसेल, तर ते ओझं त्या फुग्यावर आणि मूत्रमार्गावर लोंबकळतं. कूस बदलली की हिसका, उठून बसलं की हिसका.

म्हणून पहिलं काम पट्टीचं, आणि ते नीट करायला हवं. पट्टी सपाट चिकटवली तर अर्ध्या तासात सुटते. मांडीवरची जागा साबणानं धुऊन अगदी कोरडी करायची, केस असतील तर कापायचे. आधी रुंद पट्टीचा एक तुकडा नुसत्या कातडीवर लावायचा. दुसरी पट्टी नळीभोवती गुंडाळून तिच्या दोन्ही कडा खालच्या पट्टीवर दाबायच्या, म्हणजे नळी कातडीपासून किंचित वर राहते आणि रुतत नाही. बाईमाणसाला मांडीच्या आतल्या बाजूला, पुरुषाला मांडीच्या वरच्या भागावर किंवा ओटीपोटावर. पट्टी आणि शरीर यांच्यामध्ये नळीला थोडी ढील ठेवायची, पाय पसरला तरी ताण येऊ नये इतकी. रोज बाजू बदलायची. मांडीभोवती करकचून फडकं मात्र बांधायचं नाही, रक्ताभिसरण अडतं.

पिशवीचंही तसंच. ती कमरेच्या खाली हवी, पण फरशीला टेकायला नको, आणि निम्मी-पाऊण होण्याआधी रिकामी करायची. आपल्याकडे जमिनीवर अंथरूण घालायची सवय आहे. अशा रोग्याची पिशवी त्याच्याच पातळीवर पडून राहते, लघवी नळीत थांबते आणि तो रात्रभर तळमळतो. नळी असेपर्यंत तरी कॉट हवीच. मोटारसायकलवरून नेताना मागचा माणूस पिशवी खांद्याइतकी उंच धरतो, ती काळजीपोटीच, पण तेवढ्यात पिशवीतली लघवी उलटी मूत्राशयाकडे जाऊ शकते.

बाजूनं गळू लागलं की नळी लहान पडली असं घरच्यांना वाटतं आणि मोठ्या नंबरची घाला असा आग्रह होतो. बहुतेक वेळा दुखणं याच्या उलट असतं. नंबर म्हणजे जाडीच्या मिलिमीटरची तिप्पट. सोळा नंबरची नळी सव्वापाच मिलिमीटरहून थोडी जाड. जितकी जाड नळी, तितकी चीड जास्त. चिडलेलं मूत्राशय आवळतं आणि लघवी नळीच्या कडेनं बाहेर ढकलतं. कारणं शोधायची ती दुसरीकडे: नळी कुठं मुडपली आहे का, अंगाखाली दबली आहे का, आणि पोट साफ होतंय का. बद्धकोष्ठाचं नाव निघालं की लोक हसतात, पण मळानं भरलेलं आतडं शेजारच्या मूत्राशयाला आणि नळीला दाबतं. पाणी, भाजी, ताक आणि गरज पडली तर डॉक्टरांनी दिलेलं रेचक यांनी गळती थांबल्याची उदाहरणं परिचारिकांना नवी नाहीत. हे सगळं करूनही कळा येत राहिल्या तर मूत्राशय सैल करणारी औषधं आहेत, ती डॉक्टरांनी द्यायची.

यावर पहिला आक्षेप असा येईल, की ओढीचं ठीक आहे, पण लघवी गढूळ दिसते, वास येतो, मग अँटिबायोटिक नको का? नळी असताना दर दिवसाला सुमारे ३ ते ७ टक्के रोग्यांच्या लघवीत जंतू शिरतात, म्हणजे महिनाभरानं ते जवळपास सगळ्यांच्याच लघवीत सापडतात. नुसते जंतू असणं वेगळं आणि त्यांनी आजारी पाडणं वेगळं. थंडी वाजून ताप, कंबरेत किंवा ओटीपोटात नवं दुखणं, म्हाताऱ्या माणसाचं अचानक बरळणं यांपैकी काही असेल तर लगेच दवाखाना गाठायचा. एरवी गोळ्या देत राहिलं की औषधाला न जुमानणारे जंतू तेवढे उरतात. जंतुनाशकानं जागा रोज घासण्यानंही फायदा होत नाही. अमेरिकेच्या सीडीसी या संस्थेनं २००९ च्या मार्गदर्शिकेत तसं स्पष्ट सांगितलं आहे. रोजच्या आंघोळीत साबण-पाणी पुरे, पुसायचं ते शरीराकडून नळीच्या दिशेनं. पुरुषांनी मागे घेतलेली कातडी पुन्हा पुढे आणायला विसरू नये, नाहीतर सूज येऊन ती अडकते. आणि खोबरेल लावायचं नाही. सुश्रुतसंहितेत लोखंडाच्या, लाकडाच्या नळीला तूप माखायला सांगितलं आहे हे खरं, पण आजची पिवळसर नळी लॅटेक्सची, तेलानं ती कमकुवत होते.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे. हे सगळं करायचं कुणी? घरात बहुधा सून किंवा बायको असते, सासऱ्याच्या नळीला हात लावायचा संकोच दोन्हीकडून असतो. पण पट्टी मांडीवर असते, आणि ती शुद्धीवरच्या रोग्याला स्वतःला लावता येते. पिशवीची तोटी उघडून लघवी भांड्यात सोडणं तर मुलगा, नातू कुणीही करू शकतो, आधी आणि नंतर हात धुतले की झालं. दिवसा मांडीला बांधायची लहान पिशवी मिळते, लेंग्याखाली दिसत नाही, बाजारपेठेत चक्कर मारता येते. घरच्यांनी करायचं नाही ते एवढंच: नळी ओढायची नाही, कापायची नाही. काही तास पिशवीत थेंबही नाही आणि पोट फुगलंय, रक्ताच्या गाठी येताहेत किंवा नळी निसटली, तर सकाळची वाट बघायची नाही.

आणि नळी लागेल तरी किती दिवस, हा प्रश्न सुट्टी मिळतानाच विचारायचा. लॅटेक्सची नळी दोन ते चार आठवड्यांत बदलावी लागते, सिलिकॉनची महाग असली तरी बारा आठवड्यांपर्यंत चालते आणि तिच्यावर क्षार कमी साचतात. प्रोस्टेटमुळे एकाएकी लघवी तुंबलेल्याला टॅम्सुलोसिनसारखी गोळी दोन-तीन दिवस देऊन नळी काढून पाहतात, अनेकांची लघवी मोकळी होते. काढण्याआधी नळीला चिमटा लावून ‘सवय’ करण्याची रीत आहे, तिचा थोड्या दिवसांच्या नळीला उपयोग दिसलेला नाही. ज्यांचं मूत्राशय रिकामंच होत नाही, पण हात आणि नजर शाबूत आहे, त्यांच्यासाठी मिशिगनच्या जॅक लॅपिडीस यांनी १९७२ मध्ये पुढे आणलेली पद्धत आहे. स्वच्छ हातांनी दिवसातून चार ते सहा वेळा स्वतःच बारीक नळी घालायची, मूत्राशय रिकामं करायचं आणि नळी काढून टाकायची. तिथं फुगा नाही, पिशवी नाही, त्यामुळे पट्टीचाही प्रश्न येत नाही.