सोन्याचे कूळ

नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ विचारू नये, अशी आपल्याकडे म्हण आहे. ऋषीला मिळालेली ही सवलत महारा-मांगांच्या वाट्याला कधी आली नाही. त्यांचे कूळ पाणवठ्यावर विचारले गेले, शाळेच्या दारात विचारले गेले आणि मुंबईसारख्या शहरात भाड्याची खोली पाहायला गेल्यावर आजही आडवळणाने विचारले जाते. सोन्याला मात्र ऋषीची सवलत आहे, हे माझ्या ध्यानात आणून दिले ते एका विद्यार्थिनीने.

मी परळमधल्या एका महाविद्यालयात वाणिज्याच्या वर्गांना अर्थशास्त्र शिकवतो. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. नोकरी कायम झाली त्या वर्षी लालबागच्या एका पेढीवरून आईसाठी कुड्या घेतल्या होत्या. ग्राहकाचे हक्क शिकवताना त्याच कुड्यांची पावती मी वर्गात दाखवली. हॉलमार्क 2021 पासून टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला आणि 1 एप्रिल 2023 पासून प्रत्येक डागावर सहा अक्षर-अंकांची स्वतंत्र खूण असल्याशिवाय तो विकता येत नाही, हे सांगितले. ती खूण फोनवर तपासली की सराफाची नोंदणी, टंच काढणारे केंद्र आणि सोन्याचा कस समोर येतो. मागच्या बाकावरून प्रश्न आला, ‘सर, विकणारा कळला, तपासणारा कळला. पण सोनं कुठल्या खाणीतलं, ते कुठे लिहिलंय?’

ते कुठेच लिहिलेले नव्हते. पेढीवर जाऊन विचारले तर शेटजी हसून म्हणाले, ‘सर, सोन्याला गाव नसतं.’

शेटजींचे म्हणणे एका अर्थी खरे आहे. खाणीतून निघालेले सोने चांदी-तांब्याच्या मिसळीसकट ओबडधोबड लगडीच्या रूपाने शुद्धीकरणाच्या कारखान्यात जाते. तिथे चार देशांच्या लगडी आणि लोकांनी मोडीत दिलेले जुने दागिने एकाच मुशीत पडतात. 1064 अंशांवर सोने वितळते आणि त्याबरोबर त्याचा पत्ताही वितळतो. झवेरी बाजारात तर याहून पुढची गोष्ट पाहायला मिळते. कारागिरांच्या गाळ्यांतला केर आणि गल्लीतल्या गटाराचा गाळ घमेल्यात घेऊन धुणारी माणसे तिथे आहेत. झारेकऱ्यांचा हा जुनाच धंदा. त्या गाळातून निघालेला कण पुन्हा मुशीत जातो आणि चोख होऊन शोकेसमध्ये बसतो. गटारातून आलेल्या सोन्याला विटाळ नसतो, ते काढणाऱ्या हाताला असतो.

कोलारच्या खाणी 2001 मध्ये बंद झाल्या. रायचूर जिल्ह्यातली हट्टीची खाण चालू असली तरी तिचे सोने देशाच्या भुकेपुढे चिमूटभरच. अलीकडच्या वर्षांत आपण वर्षाला सातशे-आठशे टन सोने बाहेरून आणतो. बाहेरून म्हणजे कुठून? कागदावर स्वित्झर्लंड असते, संयुक्त अरब अमिराती असते. दुबईत सोन्याची मोठी खाण नाही, बाजार आहे. आणि आफ्रिकेतल्या लहान खाणींतले पुष्कळसे सोने त्या बाजारात येते. सुदानमध्ये एप्रिल 2023 पासून सैन्य आणि निमलष्करी दल यांच्यात युद्ध पेटले, त्यात दोन्ही बाजूंनी सोन्यावर पैसा उभा केला आणि त्या सोन्याची मोठी वाट अमिरातीतून गेली. माझ्या आईच्या कुड्यांत सुदानचे सोने आहे असे मी म्हणत नाही. नाही, असेही कुणाला छातीठोकपणे म्हणता येणार नाही.

अशा खनिजांना जगात ‘संघर्ष-खनिजे’ म्हणतात. हे नाव रूढ झाले ते कांगोमुळे. 1998 ते 2003 या काळातल्या तिथल्या युद्धात आणि नंतरही पूर्व भागातल्या सशस्त्र टोळ्यांनी खाणी ताब्यात घेतल्या, खणणाऱ्यांकडून आणि वाटेवरच्या नाक्यांवर वसुली केली आणि त्या पैशातून बंदुका आणल्या. 2010 साली अमेरिकेने कायदा केला. त्यात चार खनिजे आहेत: कथील, टँटलम, टंगस्टन आणि सोने. नावे परकी वाटली तरी वस्तू परक्या नाहीत. लॅमिंग्टन रोडला मोबाइल दुरुस्त करणारा पोरगा जो डाख लावतो त्यात कथील असते. फोनमधल्या मोहरीएवढ्या धारित्रात टँटलम असते आणि फोन थरथरतो तो बहुधा टंगस्टनच्या इवल्याशा वजनामुळे. कांगोतले रुबाया हे टँटलमचे मोठे ठिकाण 2024 मध्ये एम-23 या बंडखोर गटाने घेतले. तिथल्या वसुलीतून या गटाला महिन्याला सुमारे आठ लाख डॉलर मिळत असल्याचा अंदाज संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी दिला.

मग मालाचे मूळ शोधायचे कसे? ही साखळी डमरूसारखी आहे. एका टोकाला लाखो खणणारे, दुसऱ्या टोकाला लाखो कारखाने आणि कोट्यवधी गिऱ्हाइके. मधली कंबर मात्र बारीक, कारण धातू गाळणारे मोठे कारखाने जगात मोजकेच. तेव्हा तपासणी या कंबरेवर करावी, असा विचार पुढे आला. 2011 मध्ये श्रीमंत देशांच्या आर्थिक सहकार्य संघटनेने मालाच्या पूर्वचौकशीची पद्धत ठरवून दिली आणि 1 जानेवारी 2021 पासून युरोपीय संघाने आयातदारांवर ती बंधनकारक केली. अमेरिकेचा कायदा बंदी घालत नाही. चौकशी करा आणि काय आढळले ते जाहीर करा, एवढेच सांगतो. आपल्या देशात एवढेही सांगणारा कायदा नाही.

पण या कायद्यांना मी भाबडेपणाने डोक्यावर घेणार नाही. ‘संघर्ष’ कशाला म्हणायचे हे बलवान ठरवतो. अमेरिकेच्या यादीत कांगो आणि त्याला लागून असलेले नऊ देश आहेत, सुदान नाही. गिरगावात ऑपेरा हाऊसला एके काळी सारा हिऱ्याचा बाजार होता. पुढे तो बराचसा वांद्रे-कुर्ला संकुलात गेला. त्या हिऱ्यांसाठी 2003 पासून किंबर्ली प्रमाणपत्र आहे. त्याची व्याख्या बंडखोरांच्या हिऱ्यांपुरती. सरकारी फौजेने गरिबांना मारून घेतलेली खाण त्या व्याख्येत बसत नाही. झिंबाब्वेच्या मारांगेत 2008 मध्ये नेमके तेच घडले होते. आणि आपल्या गडचिरोलीत, सुरजागडच्या डोंगरावर? तिथले लोहखनिज कोणत्याच यादीत नाही. पण माडियांचा देव त्या डोंगरावर आहे, त्यांचा विरोध आहे, माओवाद्यांनी 2016 मध्ये खाणीची वाहने जाळली आणि खनिजाची वाहतूक बंदोबस्तात होते. याला संघर्ष म्हणायचे नाही तर काय म्हणायचे?

दुसरी गोष्ट अधिक बोचणारी. अमेरिकेचा कायदा येताच अनेक कंपन्यांनी चौकशीची कटकट नको म्हणून पूर्व कांगोचा माल घेणेच थांबवले. त्याच सुमारास तिथल्या राष्ट्राध्यक्षांनी काही महिने खाणकामच बंद ठेवले. बंदूकवाल्यांनी दुसरे धंदे शोधले. फावडेवाला उपाशी राहिला. पुढे पोत्यांवर क्रमांकाच्या चिठ्ठ्या बांधायची पद्धत निघाली, तर चिठ्ठ्यांचाच काळाबाजार झाला. सोन्यात तर चिठ्ठीही लागत नाही. ओबडधोबड बांगडी ओतून ‘मोडीचे सोने’ म्हटले की मागचे सारे पुसले जाते. उद्या आपल्याकडे असा कायदा आला, तर मोठा शुद्धीकरणवाला फाइल तयार ठेवील आणि झवेरी बाजारातल्या माळ्यावर भट्टीच्या धुरात काम करणारा बंगाली कारागीर व तो घमेलेवाला बेकायदा ठरेल. कायदा करताना खालच्या माणसाची मजुरी आधी लिहिली पाहिजे, कस नंतर.

तरीही प्रश्न विचारला पाहिजे, असेच मला वाटते. माझ्या आजीची आई कोपरापर्यंत कथलाचे गोट घालायची, असे आजी सांगे. डिसेंबर 1927 मध्ये महाडला बाबासाहेबांनी आपल्या स्त्रियांना सांगितले, की गळ्यातल्या भाराभर गळसऱ्या आणि हातांतल्या कथला-चांदीच्या पाटल्या ही तुम्ही अस्पृश्य असल्याची खूण आहे, ती टाका. तेव्हा धातू अंगावर असला की बाईचे कूळ कळत असे. आज तिच्या पणतीने धातूचेच कूळ विचारावे, हे मला त्या भाषणाला सोडून वाटत नाही.

दिवाळीच्या सुटीत मी पुन्हा पेढीवर गेलो. या वेळी गावाचे नाव विचारले नाही. लगड कुणाकडून घेतली, तेवढेच विचारले. शेटजींनी जरा वेळ माझ्याकडे पाहिले, मग पावतीच्या पाठीवर झवेरी बाजारातल्या एका घाऊक व्यापाऱ्याचे नाव लिहून दिले. ती पावती मी वर्गात नेली. त्या मुलीने नाव वाचले, आणि विचारले, ‘आणि यांनी कुणाकडून घेतली?’