एसई/३० वर नेटबीएसडी

अ‍ॅपलचा मॅकिंटॉश एसई/३० हा १९८९चा संगणक. मोटोरोलाचा ६८०३० प्रोसेसर, वेग जेमतेम १६ मेगाहर्ट्‌झ, नऊ इंची कृष्णधवल पडदा. तरीही नेटबीएसडी ही मुक्तस्रोत प्रणाली त्यावर चालते, याचं श्रेय एमएमयूला. प्रत्येक प्रोग्रामला मेमरीचा स्वतंत्र कप्पा देणारा हा भाग नेटबीएसडीला हवाच. ६८०३०मध्ये तो चिपमध्येच आहे. १९८७च्या मॅकिंटॉश टूमध्ये मात्र वेगळा बसवावा लागतो.

सुरुवात मॅक ओएसपासूनच होते. त्यातून ‘बूटर’ नावाचा छोटा प्रोग्राम चालवायचा. तो नेटबीएसडीचा कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, मेमरीत चढवतो आणि मशीन त्याच्या ताब्यात देतो. म्हणून डिस्कवर मॅक ओएससाठी थोडी जागा राखून ठेवा. मूळ स्कझी हार्ड डिस्क दगा देत असेल, तर एसडी कार्डावर चालणारं स्कझी उपकरण लावता येतं. मेमरी १२८ एमबीपर्यंत वाढते. नेटबीएसडी पहिल्यांदा सुरू होताना एसएसएचच्या (दुसऱ्या संगणकावरून सुरक्षित जोडणीच्या) किल्ल्या तयार व्हायला फार वेळ लागतो. मशीन अडकलं समजून बंद करू नका. कर्नल नव्याने बांधायचा तर तो आजच्या लॅपटॉपवरच बांधावा, या मशीनला त्यात गुंतवण्यात अर्थ नाही.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, वीज जोडण्याआधी आतली पाहणी जाणकाराकडून करून घ्या. मदरबोर्डावरचे कपॅसिटर गळून तांब्याच्या रेषा खातात. जुनी लिथियम बॅटरी फुटू शकते, ती आधी काढायला हवी. संगणक बंद असला तरी पिक्चर ट्यूबमध्ये घातक व्होल्टेज उरलेलं असू शकतं. तिथे स्वतः हात घालू नका.