गर्भचाचणीच्या पट्टीवरची रेघ

औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या गर्भचाचणीच्या पट्टीवर लघवीचे दोन-तीन थेंब टाकले की पाच मिनिटांत उत्तर मिळतं. ते देतात मोनोक्लोनल अँटिबॉडी, म्हणजे एकाच पेशीच्या वंशातून तयार झालेली, हुबेहूब एकसारखी प्रतिपिंडं.

गर्भ रुजला की एचसीजी हे संप्रेरक रक्तात आणि लघवीत उतरतं. अडचण अशी की त्याचा अल्फा हा भाग एलएच या नेहमीच्या संप्रेरकातही असतो. जुन्या चाचण्यांतली मिश्र प्रतिपिंडं इथेच फसू शकत. आताची नेमकी बीटा भागावरची खूण हेरतात. रंगाचे कण चिकटवलेली प्रतिपिंडं लघवीबरोबर पुढे सरकत एचसीजीला धरतात. 'टी' रेघेवर बसवलेली दुसरी प्रतिपिंडं त्या जोडीला अडवतात. तिथे रंग साचतो आणि रेघ दिसू लागते.

अशी प्रतिपिंडं हवी तितकी बनवण्याची वाट १९७५ मध्ये केंब्रिजला सापडली. जॉर्ज कोहलर आणि सेझार मिलस्टाईन यांनी उंदराची प्रतिपिंडं बनवणारी पेशी अखंड वाढणाऱ्या कर्कपेशीशी जोडली. त्या मूळ शोधाचं पेटंट घेतलं गेलं नाही, हे मला फार मोलाचं वाटतं. १९८४ मध्ये दोघांना नील्स येर्ने यांच्यासह नोबेल मिळालं. डेंग्यूच्या एनएस-१ चाचणीतही अशीच प्रतिपिंडं वापरतात.

पट्टीवर आधी 'सी' रेघ, म्हणजे चाचणी नीट चालल्याची खूण, पाहा. ती नसेल तर चाचणी बाद. पाळी चुकूनही एकच रेघ आली, तर काही दिवसांनी सकाळच्या पहिल्या लघवीने पुन्हा तपासा. पोटात खूप दुखत असेल किंवा रक्तस्राव होत असेल, तर मात्र पट्टीवर विसंबू नका. लगेच डॉक्टरांकडे जा.