अम्मीचे गुडघे, सहरी आणि ती पांढरी गोळी

२०२४ चा रमजान मार्चमध्ये आला होता. विश्रामबागेतल्या आमच्या घरी सहरीला अम्मी दोन खजूर, अर्धी भाकरी आणि चहा घ्यायची, वर गुडघेदुखीची एक गोळी. तरावीह उभ्याने पढता यावी म्हणून इफ्तारनंतर आणखी एक. अठराव्या रोज्याला तिने सुनेच्या कानात सांगितलं, शौचाला डांबरासारखं काळं होतंय. चार दिवस होत होतं. मला सांगायची तिला लाज वाटली.

रिक्षाने मिरज गाठलं. दुर्बिणीच्या तपासणीत जठरात व्रण निघाला, त्यातून रक्त झिरपत होतं. क्रिएटिनिनही वाढलेलं. डॉक्टरांनी औषधांची पिशवी टेबलावर रिकामी करायला लावली. त्यात दोन वेगळ्या नावांच्या पट्ट्या होत्या. एक चिठ्ठीशिवाय दुकानातून आणलेली, दुसरी कोल्हापूरच्या खालांनी प्रेमाने दिलेली. मागचं बारीक अक्षर वाचलं तर दोन्हींत असिक्लोफिनॅकच. घरात बी.एड. झालेला मास्तर, आणि पट्टी उलटून पाहिली नव्हती!

डायक्लोफिनॅक, असिक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन, नॅप्रोक्सेन ही सगळी एकाच घराण्यातली. शरीरातली प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं सूज आणि वेदना वाढवतात. पण तीच जठराच्या अस्तराची राखण करतात आणि मूत्रपिंडाचा रक्तपुरवठाही सांभाळतात. गोळी ती द्रव्यंच कमी करते. म्हणून ‘जेवून घेतली की काही होत नाही’ हा समज अर्धाच खरा. रक्तात मिसळून ती आपलं काम करतेच.

वर्गात मी गिधाडांविषयी शिकवतो. जनावरांना टोचलेल्या डायक्लोफिनॅकमुळे, त्यांची मढी खाणाऱ्या गिधाडांची मूत्रपिंडं निकामी झाली आणि २००६ मध्ये जनावरांसाठी त्याच्यावर भारतात बंदी आली. माणूस काही गिधाड नव्हे. तरी त्याच घराण्यातली गोळी घरच्या डब्यात आहे, हे मला सुचलं नाही.

रोज्यात दिवसभर पाणी नाही, बाहेर सांगलीचं ऊन. पाणी कमी पडलं की मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा घटतो. अम्मीला रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन आणि लघवी वाढवणारी गोळी चालू होती. या दोन्हींच्या जोडीला वेदनाशामक आली की मूत्रपिंडाला तिहेरी फटका बसतो. वयस्कर माणसं, पूर्वी अल्सर झालेले, हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेले, रक्त पातळ होण्याची औषधं घेणारे, या सर्वांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ही गोळी घेऊ नये. (हृदयासाठीची ॲस्पिरिन मात्र स्वतःहून थांबवायची नाही.) ‘पोटाला सौम्य’ म्हणून गाजलेलं रोफेकॉक्सिब हृदयविकाराच्या धोक्यामुळे २००४ मध्ये जगभरातून मागे घेतलं गेलं, हेही लक्षात असू द्या.

मग दुखणाऱ्याने सोसायचंच का? नाही. गोळी लागली तर कमीत कमी मात्रेत, थोडे दिवस, आणि गरज असेल तर डॉक्टर जठराच्या संरक्षणाची गोळी सोबत देतात. गुडघ्याच्या झिजेत डायक्लोफिनॅकचं मलम रक्तात फार कमी उतरतं. मांडीचे स्नायू बळकट करण्याचा व्यायाम रोज केला तर खरा उपयोग होतो, पण तो करायला आपल्याकडे कोणी तयार नसतं. आमवात असेल तर त्याची औषधं वेगळी. वेदनाशामकाने सांध्याची नासाडी थांबत नाही. आणि हातोहात विकल्या जाणाऱ्या ‘जडीबुटी’च्या पुड्यांपासून लांब राहा. अशा पुड्यांत स्टिरॉईड मिसळलेलं सापडलेलं आहे.

आजारी माणसाला रोजा सोडून नंतर कझा करण्याची सवलत आहे. ज्याला पुढेही जमणार नाही, त्याच्यासाठी फिदया आहे. अम्मीला हे आपल्या आलिमांच्या तोंडून ऐकायचं होतं, म्हणून तेही केलं.

आता शाबान लागला की आधी तिचं क्रिएटिनिन तपासतो. तरावीह ती खुर्चीवर पढते. रोजे किती ठेवायचे, यावरून तिचं आणि डॉक्टरांचं अजून जमलेलं नाही.